चौथा आणि पाचवा

सोमवार, ३

कार्यालयातल्या नव्या पाण्याच्या यंत्राविरुद्ध मी येथे रीतसर तक्रार नोंदवत आहे. यंत्र पाणी देतं, गार देतं, याबद्दल वाद नाही. पण ते दिवसभर एकाच सुरात घुरघुरतं. पोट भरलेल्या मांजरासारखं. फरक इतकाच की मांजर निदान अधूनमधून उठून दुसरीकडे जातं. माझं टेबल या यंत्राच्या अगदी कुशीत आहे. म्हणजे यापुढे जगातल्या सर्व घडामोडी माझ्यापर्यंत घुरघुरीतून गाळून येणार.

संपादकांकडे गेलो. म्हणाले, "पंडित, आम्हाला गार पाणी मिळालं, तुम्हाला तक्रार मिळाली. सगळेच तृप्त आहेत."

मला कार्यालयात पंडित म्हणतात. बाबांनी लहानपणी संस्कृत घोकून घेतलं, त्याचा मी एकच व्यावहारिक उपयोग करतो: वही बाळगत नाही. गेली पंचवीसेक वर्षं मी ऐकतो, मनात क्रमानं लावून ठेवतो आणि जागेवरूनच फोन करून बातमी सांगतो. कार्यालयात बातम्या उतरवून घेण्याच्या टेबलावरचं कोणीतरी ती टाइप करतं. वही काढली की समोरचा माणूस आपल्याशी बोलायचं सोडून वहीशी बोलायला लागतो, हे माझं मत. नव्या पोरांना ते म्हाताऱ्याचं खूळ वाटतं. वाटू दे. पाठ पक्का असला की कागद हवा कशाला?

घरी ताईला यंत्राचं सांगितलं. ती भाजी निवडत होती.

"कान झाकून घे," म्हणाली.

"कान हे बातमीदाराचं शस्त्र आहे, ताई."

"मग म्यानात ठेव थोडा वेळ."

भावोजी गेल्यापासून ती माझ्याकडे राहते, की मी तिच्याकडे, हे आम्ही अजून ठरवलेलं नाही. ठरवायला बसलो तर मीच हरेन.

बुधवार, ५

धाकट्याचा फोन. बाबांचं पेन त्याच्या मुलीनं शाळेत हरवलं. रडवेला झाला होता. एवढा मोठा सरकारी अधिकारी, पण बाबांची वस्तू म्हटली की पाचवीतला होतो.

त्यावरून बाबांचा शेवटचा दिवस आठवला. दवाखान्यात त्यांनी एकट्या मला जवळ बोलावलं आणि एका दमात पाच वस्तू सांगितल्या. "वयाच्या क्रमानं द्या," म्हणाले, "नावं घ्यायला आता श्वास पुरत नाही." शब्दकोश, काठी, छत्री, घड्याळ, पेन. मी बाहेर येऊन जसंच्या तसं म्हणून दाखवलं. दादाला शब्दकोश, अण्णाला काठी, ताईला छत्री, मला घड्याळ, धाकट्याला पेन. एक अक्षर इकडचं तिकडे नाही. बाबा शिकवताना म्हणत, ऐकलेलं सांडू नये. त्यांचं शेवटचं ऐकलेलं मी सांडलं नाही, याचं मला समाधान आहे.

ताईला मी धाकट्याचं सांगितलं, तर ती म्हणाली, "जाऊ दे रे, पेन होतं. माझी छत्री कोणी हरवली तर मी पेढे वाटीन." छत्री दाराच्या मागे लटकलेली असते. काळी, पुरुषी, जड. तिनं ती कधी उघडलेली मला तरी आठवत नाही.

"बाबांच्या मनात काय होतं, कोण जाणे," म्हणाली आणि माझ्या घड्याळाला किल्ली देऊन ते माझ्यापुढे ठेवलं. रोज सकाळी देते. मी विसरतो म्हणे. लहानपणी बाबांचंही हेच घड्याळ तीच चालू ठेवायची. सवय, दुसरं काय.

गुरुवार, ६

आज बऱ्याच दिवसांनी खरं काम. शहराबाहेरच्या वळणावर बस कलंडली. संध्याकाळी दवाखान्यात पोचलो तर व्हरांड्यात ही गर्दी. भिंतीवर दूरचित्रवाणी लावलेली, त्यावर कुठल्यातरी परक्या भाषेतली मालिका चाललेली. एक बाई भांडत होती, एक पुरुष तिला समजावत होता. बंद करायला कोणी तयार नाही, कारण रिमोट कोणाकडे आहे हेच कोणाला माहीत नाही.

तरुण डॉक्टर बाहेर आले. घामाघूम. त्यांनी सहा जखमींची नावं, गाव, काम असं सगळं भरभर सांगितलं. "पहिले चार किरकोळ. शेवटचे दोन गंभीर, अतिदक्षता विभागात. एवढंच, पुन्हा विचारू नका." आणि गेले. बाकीचे बातमीदार वह्या चाचपत राहिले. एकानं तर मलाच विचारलं, "पंडित, तिसरं कोण म्हणाले?" मी सांगितलं. सांगताना मला बरं वाटलं, हे खोटं कशाला बोला.

पायऱ्यांवरूनच फोन केला. टेबलावर मौनी होती. ही नवी मुलगी, अजून कायम झालेली नाही. कानात हेडफोन घालून दिवसभर गप्प टाइप करते, म्हणून मी तिचं नाव मौनी ठेवलं आहे. मी सांगत गेलो, ती टाइप करत गेली. शेवटी ती काहीतरी वाचून दाखवत होती, पण तेवढ्यात चहावाला आला. मी हो हो म्हटलं आणि सुट्या पैशांच्या मागे लागलो.

दहा मिनिटांत बातमी संकेतस्थळावर, सकाळी पहिल्या पानावर. इतर पेपर अर्धा तास मागे. ताईला म्हटलं, "बघितलंस?" ती म्हणाली, "बघितलं. आता जेव."

शुक्रवार, ७

सकाळी आलो तर संपादकांच्या खोलीत एक भलामोठा माणूस, डोक्याला पट्टी, हातात आमचाच पेपर. बेकरीवाला. कालच्या यादीतला चौथा.

"मी गंभीर आहे का?" त्यानं संपादकांना विचारलं. "नीट बघा माझ्याकडे आणि सांगा."

आम्ही त्याला गंभीर छापलं होतं. रात्रीतून त्याची बायको, दोन मेहुणे आणि सासू भाड्याची गाडी करून रडत आले. तो खाटेवर बसून बिस्किटं खात होता. म्हणे, "मी सासूला म्हटलं, बघायला आलात की उचलायला? ती अजून माझ्याशी बोलत नाहीये."

मी हसलो. संपादकही हसले. चौथ्याच्या जागी पाचवा आणि पाचव्याच्या जागी चौथा गेला, एवढंच. खुलासा छापू, म्हणाले. बेकरीवाला दोन चहा पिऊन गेला.

संध्याकाळी कळलं. पाचवा, जो आमच्या पेपरात किरकोळ जखमी होता, तो सकाळी अकराच्या सुमारास गेला. एक शिंपी. घरी कोणी नव्हतं, एक मुलगी दुसऱ्या गावी नोकरीला.

त्यानंतर हसणं आठवून जीभ चावावीशी वाटली. संपादकांचं नव्हे; माझं.

शनिवार, ८

शिंप्याची मुलगी आली होती. तिशीतली असेल. खांद्याला पिशवी. आरडाओरडा करेल म्हणून मी मनाशी उत्तरं जुळवून बसलो होतो. तिनं काहीच केलं नाही. खुर्चीच्या कडेवर बसली.

"काल सकाळी पेपरात किरकोळ असं वाचलं," म्हणाली. "बाबांचा फोन लागत नव्हता. दवाखान्याचा कोणी उचलत नव्हतं. मग म्हटलं, किरकोळ आहे, तर दुपारची पाळी संपवून निघू. रजा मिळत नाही हो आमच्याकडे पटकन." पिशवीत स्वच्छ शर्ट होते, दाढीचं सामान होतं. ती पिशवी अजून घेऊन फिरत होती. "सकाळी थोडा वेळ शुद्धीवर होते म्हणे. एवढंच विचारायचं होतं, किरकोळ असं तुम्हाला सांगितलं कोणी?"

मी म्हणालो, "दवाखान्यातून जशी माहिती मिळाली, तशी छापली गेली."

वाक्य तयारच होतं. कर्त्याचा पत्ता नाही. व्याकरणात अशा वाक्यांना आम्ही नावं ठेवत असू. ती "बरं" म्हणाली, पाणी प्याली आणि गेली. घुरघुरणाऱ्या यंत्राचं पाणी मीच आणून दिलं.

खोटं बोललो असं मला त्या क्षणी वाटलं नाही, हेही लिहून ठेवतो. डॉक्टरांनी चौथा शिंपी म्हटलं होतं. मला लख्ख आठवतं. डॉक्टर दमलेला होता, त्याची जीभ घसरली असणार.

सोमवार, १०

पण डॉक्टरांची जीभ घसरलेली नव्हती. बाकीच्या सगळ्या पेपरांत क्रम बरोबर आहे. म्हणजे चूक आमच्याकडेच.

संपादकांनी मौनीला बोलावलं. पूर्वी एकदा काम करताना तिच्या कानात गाणी सापडली होती. "एका कानात पंडित, दुसऱ्या कानात गाणी," संपादक म्हणाले, "मग चौथा पाचव्यात जाणारच." तिला टेबलावरून काढून जुन्या छायाचित्रांच्या खोलीत बसवलं आहे. महिनाअखेरीला कायम करायचं की नाही ते बघू, असं सांगितलं. बघू म्हणजे काय, ते कार्यालयात सगळ्यांना कळतं.

मला तेव्हा सुटल्यासारखं वाटलं. हे वाक्य खोडावंसं वाटतंय, पण राहू दे.

जिन्यात ती भेटली. "सर, त्या दिवशी मी गाणी लावली नव्हती. आणि मी तुम्हाला सगळं परत वाचून दाखवलं होतं. तुम्ही हो म्हणालात."

"मग मी बरोबर ऐकलं असेल आणि तू नंतर बदललं असशील."

"मी कशाला बदलू?"

मी म्हटलं, "बघू." मीसुद्धा.

मंगळवार, ११

ताई: "तुझं जेवणात लक्ष नाही."

मी: "त्या यंत्रानं डोकं उठवलंय."

ताई: "यंत्र ऑफिसात आहे. तू घरात आहेस."

बुधवार, १२

संपादकांनी मला हलकं काम दिलं आहे. विद्यापीठात कोणी संशोधिका आहेत, कानावर पडणारे नको ते आवाज आणि स्मरणशक्ती यावर त्या प्रयोग करतात. रविवारच्या पुरवणीसाठी लेख. "तुम्ही स्वतःच प्रयोगाला बसा," म्हणाले, "पंडितांचं पाठांतर विरुद्ध विज्ञान. वाचकांना मजा येईल."

मी लगेच हो म्हटलं. कोणालाच न सांगितलेलं कारण: तिथं माझं पाठांतर सिद्ध झालं, तर चूक माझी नव्हती, हेही आपोआप सिद्ध होईल. एवढंच नाही, परक्या भाषेतल्या त्या मालिकेचा मला काडीचाही उपद्रव होणं शक्य नाही, हेही. मला एक शब्द कळत नव्हता तिच्यातला. न कळणारं कशाला आड येईल?

शुक्रवार, १४

आज लिहायला बसलो आहे, पण हात जड आहे.

खोली छोटी, भिंतींना गादीसारखं काहीतरी लावलेलं. संशोधिका माझ्या भाचीच्या वयाच्या, हसऱ्या. कानात नऊ आकडे येणार, एकामागून एक. मग थोडं थांबायचं, मग त्याच क्रमानं म्हणायचं, मग खात्री किती ते दहापैकी सांगायचं.

"बाई, मी शब्दरूपं उलट्या क्रमानं म्हणत असे," मी म्हणालो.

"सुलटीच म्हणा, काका. तेवढी पुरे."

पहिला फेरा शांततेत. सोपा. दुसऱ्यात मागे कोणीतरी "पा, पा, पा" असं एकाच सुरात म्हणत राहिलं. मला आपलं यंत्र आठवलं, पण फारसं काही बिघडलं नाही. तिसऱ्यात मागे कोणी पुरुष परक्या भाषेत बोलत होता. हळू आवाजात. माझ्याशी नव्हे. मला एक अक्षर कळलं नाही. चौथ्यात तोच माणूस, जरा मोठ्यानं.

बाहेर येताना मी विजयी मुद्रेनं विचारलं, "चुकलो का कुठं?"

त्यांनी कागद फिरवून माझ्यापुढे ठेवला. पहिल्या दोन फेऱ्यांत जवळजवळ चुका नव्हत्या. तिसऱ्या-चौथ्यात होत्या. मी कुठलाच आकडा गाळला नव्हता, कुठलाच नवा घातला नव्हता. शेजारशेजारच्या आकड्यांची अदलाबदल केली होती, चौथ्याच्या जागी पाचवा, सहाव्याच्या जागी सातवा. आणि खात्रीच्या रकान्यात सगळीकडे दहा.

मी म्हणालो, तुमच्या यंत्रात गडबड असेल. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी मला आधी तो आकड्यांचा आवाज ऐकवला, मग माझा. माझा आवाज ठणठणीत होता, एकदाही अडखळला नाही. चुकीचा क्रम म्हणून झाल्यावर मी "हं, पुढे!" असंही म्हटलं होतं, मास्तरासारखं. ते ऐकून कानशिलं तापली. स्वतःला इतका आवडलेला माणूस मी फार दिवसांत ऐकला नव्हता.

"अर्थ कळतो की नाही, याचा फारसा संबंध नसतो," त्या सांगत होत्या. "आवाज मोठा की हळू, याचाही फारसा नाही. एकसुरी आवाज चालतो. बदलता आवाज आला की तो आपसूक मनात क्रम लावत जातो, आणि आपण धरून ठेवलेला क्रम ढळतो. ऐकायचं नाही असं ठरवून उपयोग नाही. कानांना पापण्या नसतात ना."

म्हणजे पाण्याच्या यंत्रावर मी अन्याय केला होता. या महिन्यात मी ठपका ठेवलेला तिसरा निरपराध. पहिला डॉक्टर, दुसरी मौनी.

बोलता बोलता मी त्यांना बाबांची शिकवण्याची रीत सांगितली. पाठ झाला की तो जोड्यांनी म्हणवून घेत: पहिलं-दुसरं, दुसरं-तिसरं, तिसरं-चौथं. मला ती शिक्षा वाटायची. संशोधिका लिहिता लिहिता थांबल्या. "म्हणजे ही रीत घालून देणाऱ्या जुन्या लोकांना ठाऊक होतं, की शब्द राहतो आणि जागा सुटते. म्हणून प्रत्येकाला शेजाऱ्याशी बांधून ठेवलं."

इतकी वर्षं मी ते पाठांतर मिरवलं. ते कशासाठी होतं, हे एकदाही मनात आलं नाही. आणि दवाखान्याच्या पायऱ्यांवर चौथ्याला पाचव्याशी बांधायला मला दोन क्षण लागले असते.

रविवार, १६

काल काही लिहिलं नाही. एक पळवाट दिसत होती, तिच्याशी खेळत बसलो होतो. चूक माझी नाही, मालिकेची आहे. शास्त्र तसं सांगतं. लेखात मोठ्या दिमाखात लिहिता येईल.

पण वही न काढण्याचं शास्त्र कोणी सांगितलं होतं? ती मुलगी वाचून दाखवत असताना चहा घेण्याचं? शिंप्याच्या मुलीला दिलेलं ते कर्ता नसलेलं वाक्य तर मी शांत खोलीत बोललो होतो. मागे फक्त एकसुरी यंत्र चालू होतं, आणि त्यानं काही बिघडत नाही.

सोमवार, १७

संपादकांना सांगितलं. उभ्याउभ्याच. बसलो असतो तर चहा आला असता आणि गोष्ट पातळ झाली असती.

"पंडित," ते म्हणाले, "खुलासा छापून झाला, लोक विसरले. आता हे उकरून काय मिळणार?"

"मौनीला तिचं टेबल."

"कोण मौनी?"

तेव्हा मला कळलं की तिचं ते नाव फक्त मीच ठेवलं होतं, आणि तेही ती बोलत असताना मी ऐकत नव्हतो म्हणून.

त्यांनी बराच वेळ पेन्सिल फिरवली. मग मुलीला परत टेबलावर बोलवायला कबूल झाले, आणि तिच्या कायम होण्याचा कागदही अडवणार नाही, म्हणाले. मला यापुढे फोनवरून बातमी सांगायची नाही, लिहून आणायची. "आणि रविवारचा लेख गमतीचा हवा हं," पाठीमागून म्हणाले.

छायाचित्रांच्या खोलीत जाऊन तिची माफी मागितली. ती धूळ झटकत होती. म्हणाली, "सर, पुढच्या वेळी मी वाचून दाखवीन तेव्हा चहा पिऊ नका."

"पुढची वेळ नाही. मला लिहून आणायला सांगितलंय."

"तुम्हाला लिहिता येतं?" तिनं विचारलं. अगदी सरळ चेहऱ्यानं. मला वाटतं ती थट्टा करत होती. मला तेवढी मिळणं हेही जास्तच.

बुधवार, १९

शिंप्याचं दुकान शोधून काढलं. अरुंद गल्लीत, पिठाच्या गिरणीशेजारी. शटर अर्धं वर. मुलगी आत उभी राहून गिऱ्हाइकांचे कपडे परत देत होती. शिवलेले, अर्धवट शिवलेले, नुसतेच कापलेले. एका म्हाताऱ्याला एक पाय शिवलेली विजार मिळाली. तो ती उलटसुलट करून म्हणाला, "असू दे बेटा, तुझ्या बाबांच्या हातचं आहे," आणि घडी घालून घेऊन गेला.

माझ्याकडे न बघता तिनं हात पुढे केला. "पावती?"

मी म्हणालो, पावती नाही. मग सगळं सांगितलं. डॉक्टरांनी बरोबर सांगितलं होतं, चूक माझी, टाइप करणाऱ्या मुलीची नाही, दवाखान्याचीही नाही. आणि शनिवारी मी जे म्हणालो, ते खोटं होतं.

ती कात्रीच्या पात्यावरून अंगठा फिरवत राहिली.

"डॉक्टरांनी नीट सांगितलं होतं?"

"हो."

"मी त्यांना फार बोलले हो." तिचा आवाज पहिल्यांदाच हलला. "तुमच्याकडून निघाले ती सरळ दवाखान्यात गेले. सगळ्यांसमोर बोलले. तुम्ही माणसं मारता म्हटलं. ते काही म्हणालेच नाहीत, नुसते उभे राहिले. त्यांना वाटलं असेल, आपलंच काहीतरी चुकलं." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "आता त्यांना काय सांगू?"

मी म्हटलं, मी सांगतो. ती म्हणाली, "तुम्ही तर सांगाच. पण मलाही जावं लागेल ना."

आम्ही दोघं गेलो. डॉक्टर ओळखू येईनात, इतके साधे दिसत होते. एप्रन नव्हता, डबा खात होते. ऐकून घेतलं. तिला म्हणाले, "बसा, जेवलात का?" मला काहीच म्हणाले नाहीत. व्हरांड्यात ती मालिका चालू होती. तीच बाई अजून भांडत होती.

निघताना शिंप्याच्या मुलीनं मला क्षमा केली वगैरे काही नाही. तिनं फक्त विचारलं, "तुम्हाला खरंच वाटत होतं, की तुम्ही बरोबर आहात?"

"हो. अजूनही कान तेच सांगतात. चौथा शिंपी."

"हे तर वाईटच," ती म्हणाली.

रविवार, २३

लेख छापून आला. गमतीचा झाला नाही. संपादकांनी तरी छापला, आणि त्यात मी माझी चूक लिहिली होती ती काढली नाही. ताईनं चष्मा लावून सगळा वाचला. खाली ठेवून म्हणाली, "बरं केलंस." एवढंच. मग भाजी निवडायला बसली.

मी समोर बसलो होतो. घड्याळाकडे बघत होतो. तिनं सकाळी किल्ली दिलेली, टिकटिकत होतं. मी सहज विचारावं तसं विचारलं, "ताई, बाबांच्या शेवटच्या दिवशी तू कुठं होतीस गं?"

"खोलीच्या दारात. आत एकालाच सोडत होते."

"बाबा बोलले ते तुला ऐकू आलं?"

"छे. त्या शेजारच्या खाटेवाल्याचा रेडिओ होता ना. कसली तरी भाषणं लावून ठेवली होती मेल्यानं. मी नर्सला दोनदा सांगितलं बंद करा म्हणून." तिनं एक देठ मोडलं. "का रे?"

"काही नाही."

"काही नाही कसं? चेहरा बघ तुझा."

मी म्हटलं, लेखासाठी. लेख छापून झाला होता. तिच्या ते लक्षात आलं असणार. ती देठं गोळा करून उठली आणि आत गेली. छत्री दारामागे होती तिथंच आहे.

मी आत्तापर्यंत मनात पुन्हा पुन्हा ऐकून बघितलं. बाबांचा आवाज, धाप, मधली थांबण्याची जागा, सगळं येतं. शब्दकोश, काठी, छत्री, घड्याळ, पेन. तिसरी छत्री, चौथं घड्याळ. एकदाही वेगळं येत नाही. जोड्यांनी म्हणून बघितलं, तरी तेच येतं. पण जोड्या बांधायच्या त्या ऐकल्याबरोबर, आता बांधून काय उपयोग? रेडिओ मला आठवत नाही. मला तर ती खोली अगदी शांत होती असं वाटत आलं.

ताई रोज सकाळी हे घड्याळ हातात घेते, किल्ली देते आणि मला परत देते. एकदाही तिनं विचारलं नाही, की तू नीट ऐकलंस ना. मला तेव्हा विचारलं असतं तर मी दहापैकी दहा म्हटलं असतं.

मला भीती वाटते, की घड्याळ तिचं आहे. आणि ते कधीच कळणार नाही. उद्या सकाळी ती ते माझ्यापुढे ठेवील, तेव्हा काय करायचं हे मला माहीत नाही.